तुकड्यांची गोधडी : वाचकांचे प्रश्न

सोलापुरात गोधडीला एकच नाव नाही. मराठी घरात ती गोधडी किंवा वाकळ, कानडी घरात कौदी, तेलुगू घरात बोंत. वस्तू तीच: घरात उरलेलं कापड थरावर थर ठेवून धावदोऱ्यानं बांधलेलं. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलच आहेत, म्हणून सगळं सदर तिलाच दिलं आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी अर्ध्याहून अधिक अडचणींचं मूळ एकच निघालं. शिवायला बसण्याआधी कापड निवडलेलं नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

गणवेश शिवणाऱ्या ओळखीच्या कारखान्यातून कात्रणांचं पोतं मिळालं. काही तुकडे सुती वाटतात, काही नाही. सगळे एकत्र वापरले तर चालेल का? (जुळे सोलापूर)

चालणार नाही. गणवेशाचं कापड बहुतेक वेळा टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचं मिश्रण असतं. नवं सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत शेकडा ३ ते ५ आटतं, टेरिकॉट जवळजवळ आटतच नाही. दोन्ही शेजारी शिवले की सुती तुकडा आत ओढतो, टेरिकॉटचा फुगून वर येतो आणि मधली शिवण गोळा होते. इस्त्री कितीही फिरवा, ती सपाट होत नाही. शिवाय आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये घाम शोषून न घेणारं कापड अंगाखाली किंवा अंगावर घेऊन झोप लागत नाही.

ओळखायला जाळून पाहण्याची चाचणी खात्रीची. तुकड्याच्या कडेचे चार-पाच दोरे काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. मुलं आणि उरलेली कात्रणं लांब असू द्या. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर आक्रसत वितळतं, त्याचा काळा कडक मणी होतो. टेरिकॉट पेट घेतं, पण राखेत टोचणारे खडे सापडतात. राख पूर्ण गार झाल्यावरच बोटांत चुरडा.

आता तीन ढीग करा. पॉपलीन, मलमल, कॉटन शर्टिंग, सुती साडी हा गोधडीचा ढीग. टेरिकॉटचा दुसरा ढीग आसनं, पायपुसणी आणि बाजाराच्या पिशव्यांसाठी उत्तम, कारण ते झिजत नाही. गरम भांडी धरायच्या फडक्यात मात्र ते कधीच घालू नका, वितळून हाताला चिकटतं. तिसऱ्या ढिगात ताणली जाणारी होजिअरी, ती लोडात भरा. सुती ढिगातही जाड आणि पातळ वेगळं करा. जाड कापडाशेजारी शिवलेलं मलमल शिवणीच्या कडेलाच फाटतं.

निवडलेलं कापड कापण्याआधी धुवायचं, म्हणजे खळ निघते आणि आटायचं ते आधीच आटतं. लहान तुकडे उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधून धुवा, नाहीतर सुटलेल्या दोऱ्यांचा असा गुंता होतो की निम्मे तुकडे कापूनच सोडवावे लागतात. तळहाताहून लहान तुकडे चोळू नका. गरम पाण्यात अर्धा तास बुडवून, फडक्यावर पसरून वाळवा.

लाल आणि निळ्या कापडाचा रंग जातो. मिठाच्या पाण्यात भिजवलं तर पक्का होतो ना? (बार्शी)

होत नाही. रंगवताना मिठाचा उपयोग असतो, रंगून झालेल्या कापडात धाग्याला न धरलेला रंग मीठ धरून ठेवू शकत नाही. तो काढून टाकणं हाच उपाय. गरम पाणी आणि साबण घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग ओल्या तुकड्यावर पांढरं फडकं ठेवून इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उमटला तर तो तुकडा गोधडीत घेऊ नका, कितीही आवडता असला तरी. आणि शिवलेल्या गोधडीत रंग उतरलाच, तर ती वाळू देऊ नका. भरपूर गरम पाणी आणि साबणात रातभर बुडवून ठेवा. वाळलेला किंवा इस्त्री झालेला डाग मग सहसा निघत नाही.

एका माणसाच्या गोधडीला किती तुकडे लागतील? (पंढरपूर)

५ इंची चौकोन कापा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत गेलं की तो साडेचार इंचाचा उरतो. आडवे १२ आणि उभे १८ लावले की ५४ बाय ८१ इंचांचा वरचा थर होतो. म्हणजे २१६ चौकोन.

४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडातून ५ इंचाची एक पट्टी कापली की ८ चौकोन निघतात, एका मीटरमधून ७ पट्ट्या, म्हणजे ५६ चौकोन. असं ४ मीटरचं कापड झालं. पण कात्रणं वेडीवाकडी असतात, वाया बरंच जातं. किलोवर घेत असाल तर पातळ सुती कात्रणं सव्वा ते दीड किलो घ्या. सोलापूरच्या चाटी गल्लीत कटपीस निवडताना तुकडा ताणून बघा, उभा ताणला आणि आडवा ताणला तरी फार लांबायला नको.

बाळाच्या चौरस गोधडीला ८ बाय ८, म्हणजे ६४ चौकोन पुरतात. ३६ इंच होते. पहिलीच गोधडी असेल तर हीच करा.

तुकडे नीट ५ इंची कापले, तरी ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. एखादी इंच-दीड इंच आखूड होते. (अक्कलकोट)

कापण्यात दोष नाही, मार्जिनमध्ये, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या कडेत आहे. १२ तुकड्यांच्या ओळीत ११ शिवणी असतात. प्रत्येक शिवण दोन तुकड्यांतून कापड खाते. पाव इंचाऐवजी फक्त अर्धा सूत जास्त गेलं, तर एका शिवणीत एक सूत गेलं, ११ शिवणींत ११ सूत. एका इंचाचे ८ सूत, म्हणजे ओळ जवळजवळ दीड इंच आखूड. डोळ्यांना अर्धा सूत दिसत नाही, म्हणून अंदाजावर शिवू नका.

मशीनच्या पाट्यावर खूण करून घ्या. मोजपट्टीवरची पाव इंचाची रेघ सुईच्या बरोबर खाली ठेवा आणि पट्टीच्या उजव्या कडेला लागून चिकटपट्टीचे पाच-सहा थर एकावर एक लावा. त्या उंचवट्याला कापड टेकवून शिवत जायचं. खूण बरोबर आली का, हे पाहायला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा. मधली पट्टी शिवून झाल्यावर बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर चिकटपट्टी सुईकडे सरकवा.

इस्त्रीही लक्षपूर्वक. घासत नेली की तुकडा तिरका ताणला जातो, उचलून दाबत जा. पहिल्या ओळीतल्या सगळ्या शिवणी उजवीकडे वळवा, दुसरीतल्या डावीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की त्या शिवणी एकमेकींत खाचेसारख्या बसतात आणि चौकोनांचे कोपरे बोटांना लागूनच जुळलेले कळतात. तुकड्यांच्या कामात हा क्षण फार सुखाचा आहे.

रंग कसे लावावेत? माझी गोधडी गोंधळलेली दिसते. (साखर पेठ)

रंगांपेक्षा गडद आणि फिकं यांकडे आधी बघा. सगळे चौकोन पलंगावर मांडा आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवा आपल्याला एकदम वेगळे वाटतात, पण फोटोत दोन्ही सारखेच करडे आले तर ते शेजारी एकमेकांत मिसळतात. गडद, फिका, गडद असं बुद्धिबळाच्या पटासारखं लावलं की कुठलेही रंग शोभतात. मोठ्या फुलांचं कापड एका ठिकाणी गोळा होऊ देऊ नका.

मांडणी एका बैठकीत पक्की करू नका. रात्री मांडा, सकाळी जाता-येता बघा. घरातल्या प्रत्येकाचा हात लागू द्या, मुलं हमखास चांगले बदल सुचवतात. ‘हा माझा शाळेचा शर्ट’, ‘हा आजोबांचा सदरा’ अशी ओळखपरेड इथेच होते. पक्कं झालं की प्रत्येक ओळीचे तुकडे क्रमानं एकावर एक ठेवून वर ओळीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचा.

घर लहान, दिवसभर काम. मला जेमतेम अर्धा तास मिळतो. हातानं बोंत शिवायची तर जमेल का? (विडी घरकुल)

जमेल. हिशोब असा: ५४ बाय ८१ ची गोधडी, एक-एक इंचावर उभ्या ओळी घेतल्या तर ५४ ओळी. इंचाला ४ टाके धरले तर एका ओळीत सव्वातीनशे टाके, हात बसला की त्याला साधारण अर्धा तास. रोज एक ओळ, दोन महिन्यांत गोधडी. दोरा दीडशे मीटर लागेल.

मोकळी जमीन फक्त एकदा, दोन-अडीच तास लागते. शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा आणि कडेनं वीत-वीतभर अंतरावर चिकटपट्टीनं फरशीला लावा. सपाट करा, पण ताणू नका. ताणलेलं कापड सोडल्यावर आक्रसतं आणि वरचा थर फुगतो. त्यावर मधले थर, त्यावर तुकड्यांचा थर. खालचे थर सगळीकडून दोन इंच मोठे ठेवा. मधून बाहेर हातानं सपाट करत चार-चार इंचांवर लांब कच्चा टाका घाला, आधी मधोमध उभा आणि आडवा, मग दोन्हीकडे. हे झालं की गोधडी गुंडाळून कोपऱ्यात उभी राहते आणि रोज मांडीवर मावेल एवढीच उलगडते.

धावदोराही मधल्या ओळीपासून बाहेर. कडेकडून सुरू केलं तर सैल कापड मध्ये अडकतं, त्याला निघायला वाट राहत नाही. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की नेढ्यात घासून पिंजतो आणि गुंततो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला तर गुंता आणखी कमी होतो. सुई आखूड आणि मजबूत असावी, मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. चार थरांतून शेकडो वेळा सुई ढकलली की बोटाला भोक पडतं. टाका ओढताना कापड गोळा झालं तर बोटानं लगेच मागे सपाट करा, ओळ संपल्यावर करू म्हटलं तर होत नाही. आणि उठताना सुया मोजून डबीत. हे रोज.

पायमशीनवर थर शिवताना वरचं कापड पुढे सरकतं आणि चुण्या पडतात. (होटगी रस्ता)

मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरच्याला मशीनच्या सुईखालच्या पायाचा दाब अडवून धरतो. दोन्हींचा वेग वेगळा, म्हणून फरक ओळीच्या शेवटी चुणी होऊन जमा होतो. त्या पायाच्या दांड्याच्या वरचा दाबाचा स्क्रू एक-दोन वेढे सैल करा. सुई १६ नंबर, टाका मोठा, इंचाला ८. कच्चा टाका चुकवू नका.

पहिली ओळ मधोमध आणि मग सगळ्या ओळी एकाच दिशेनं. शेजारच्या दोन ओळी उलटसुलट चालवल्या की मधलं कापड तिरकं ओढलं जातं. गोधडीचं वजन मशीनच्या डावीकडून लोंबू देऊ नका, स्टूल किंवा टेबल लावा. लोंबतं वजन कापडाला मागे खेचतं, टाके आखूड पडतात आणि सुई वाकून मोडते. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसत असतील तर बॉबिनला हात लावण्याआधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवा. बहुधा तो ताणाच्या चकत्यांच्या मध्ये बसलेला नसतो.

आजीची नऊवारी लुगडी आहेत, पण विरली आहेत. गोधडीत टिकतील? (मोहोळ)

आधी उजेडाकडे धरून पाहा, मग दोन्ही अंगठ्यांनी चारी दिशांना ताणा. ‘चर्र’ आवाज आला तर ते लुगडं मधल्या थरात, दोन मजबूत थरांच्या पोटात. आवाज न आलेलं वर किंवा खाली वापरा. कासोट्याचा आणि बसायचा भाग सगळ्यांत आधी विरतो, पदर आणि निऱ्यांकडचा भाग बराच टिकतो. एकाच लुगड्यात दोन्ही सापडतात, म्हणून संपूर्ण तपासा.

एका नऊवारीतून सव्वादोन मीटरचे तीन तुकडे काढा. पन्ह्याला पन्हा जोडला की साधारण १३२ इंच रुंदी मिळते, ती उभी दुमडली की आतले दोन थर एकदम तयार. उरलेल्या दीड मीटरमधून ठिगळं काढा. सोलापूरच्या हवेला असे दोन आतले थर, एक वर, एक खाली, एवढं पुरतं. कापूस किंवा फायबर भरायची गरज नाही. थंडी डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरती, बाकी वर्षभर ही गोधडी अंथरायला येते.

विरलेला थर आत असेल तर ओळींमधलं अंतर एका बोटाहून जास्त ठेवू नका. अंतर वाढलं की धुताना तो आतल्या आत फाटतो आणि गोळे होतात. इरकलीचे रेशमी काठ आधीच सोडवून ठेवा, ते आणि सुती अंग सारखं आटत नाहीत.

बोटभर-दोन बोटं रुंदीच्या वेड्यावाकड्या चिंध्या टाकवत नाहीत. (मंगळवेढा)

त्यांच्यासाठी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंडीची, म्हणजे त्यांच्या गोधडीची, रीत बघा. हल्याळ-यल्लापूर भागात त्या तुकडे आधी जोडतच नाहीत. जुनी साडी तळाला घेतात, कोपऱ्यापासून सुरुवात करतात, तुकड्याची कड आत दुमडून थेट तळावर धावदोरा घालतात. एक ओळ चारही बाजूंनी फिरून आली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी. टाका जसा पुढे जातो तसा नवा तुकडा सरकवायचा. फेरे घेत घेत काम मधोमध संपतं. जोडणं आणि थर बांधणं एकाच टाक्यात होतं, म्हणून तुकड्याचा आकार कसाही चालतो. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचा ‘फुला’ लावतात, त्याशिवाय कवंडी पुरी झाली असं मानत नाहीत.

यात एक धोका: बाहेरून आत येताना तळाचं सैल कापड मध्ये ढकललं जातं आणि शेवटी पोटात फुगवटा येतो. दर दोन फेऱ्यांनंतर जमिनीवर पसरून पाहा. फुगलं असेल तर लगेच बारीक चुणी घाला आणि पुढच्या तुकड्याखाली झाका.

इंचाहूनही लहान चिंध्या जुन्या वहीच्या पानावर एकीला एक जोडून शिवता येतात. टाका अगदी बारीक ठेवा, म्हणजे कागद नंतर सहज फाटून निघतो. वर्तमानपत्र मात्र नको, इस्त्रीखाली शाई फिक्या कापडावर उतरते.

टॉवेलची कात्रणं किंवा जुनी सोलापुरी चादर मधल्या थराला चालेल? (अशोक चौक)

टॉवेलची कात्रणं पायपुसण्यात आणि बाळाच्या खाली घालायच्या लहान चौकोनात घाला, कडा आधी शिवून. मोठ्या गोधडीत पाणी धरून ठेवतात, वाळायला दोन दिवस लागतात. चादर चालते, पण जाड विणीतून धावदोऱ्याची सुई जात नाही. तिथे ओळींऐवजी वीत-वीतभर अंतरावर दुहेरी जाड दोऱ्याच्या पक्क्या गाठी मारा.

कड कशी करावी? (कुर्डुवाडी)

गोट, म्हणजे कडेला दुमडून शिवायची पट्टी, लावा. ५४ बाय ८१ चा घेर २७० इंच. ४४ इंच पन्ह्यातून अडीच इंचाच्या ७ पट्ट्या, म्हणजे अर्धा मीटर कापड. पट्ट्या तिरक्या जोडा, सरळ जोडल्या तर एकाच जागी जाडी येते. उभी दुहेरी घडी घालून उघड्या कडा गोधडीच्या कडेला जुळवून शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, पट्टी काटकोनात वर दुमडा, पुन्हा खाली आणून नवी बाजू सुरू करा. मग पट्टी मागे वळवून हातटाका. गोट आधी झिजतो, गोधडी नंतर, तेव्हा त्याच कापडाचा थोडा तुकडा जपून ठेवा.

भाची बाळंत होणार आहे. तिच्या बाळासाठी काय काळजी घ्यावी? (विजापूर रस्ता)

वर-खाली दोन्हीकडे अनेकदा धुतलेलं मऊ सुती कापड. बटणं, टिकल्या, जर, लोंबते दोरे काही नको. गाठी थरांच्या आत ओढून घ्या. आणि एक गोष्ट भाचीला आवर्जून सांगा: एक वर्षाखालच्या बाळाला झोपताना सैल गोधडी पांघरू नये, तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. जागं असताना अंथरून त्यावर खेळवायला ती सुंदरच. ठेवणीत डांबराच्या गोळ्या टाकू नका, काही बाळांना त्याच्या वासानंही रक्ताचा गंभीर त्रास होतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा.

पाणी रोज येत नाही. एवढी मोठी गोधडी धुवायची कशी? (नई जिंदगी)

महिन्याला धुवायची गरजच नाही. आठवड्याला झटकून दोन तास उन्हात टाका. धुणं वर्षातून तीन-चारदा, पाणी येण्याच्या दिवशी. साबण नेहमीच्या निम्मा घ्या. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका थरांत बसतो, कापड कडक होतं आणि खळबळायला दुप्पट पाणी लागतं. पिळू नका, टाके तुटतात. दगडावर गुंडाळी करून दाबा. ओली गोधडी कोरडीपेक्षा कितीतरी जड होते, म्हणून एका दोरीवर लोंबकळत टाकू नका. दोन दोऱ्यांवर पसरा, तुकड्यांची बाजू खाली आणि उलटी बाजू उन्हाला.